खासदाराला दोनच टर्म दिल्या, तरी तिकीट कोण वाटणार?

निवडणूक जवळ आली की एक मजकूर नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खासदाराला आयुष्यात दोनच टर्म मिळाव्यात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षालासुद्धा दोनच मिळतात. सरकारी नोकराला साठाव्या वर्षी घरी पाठवतात, मग यांना का नाही? ही अट घातली की घराणेशाही मोडेल, नवं रक्त येईल, पेन्शनचा खर्च वाचेल. पटलं तर पुढे पाठवा.

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांचा राग खरा आहे, आणि तो मलाही येतो. पण ही मागणी उद्या मान्य झालीच, तर ज्यांच्यावर राग आहे त्यांचंच फावेल, अशी माझी खात्री आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी अमेरिका. दोन टर्मची अट तिथे राष्ट्राध्यक्षाला आहे, १९५१ साली मंजूर झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने. तिथल्या खासदारांना, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या आणि सिनेटच्या सदस्यांना, अशी कुठलीही मर्यादा नाही. नव्वदच्या दशकात २३ राज्यांनी आपापल्या प्रतिनिधींपुरती ती घालून पाहिली. आर्कान्सासचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: घटनेत नसलेली अट राज्यांना घालता येणार नाही. ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया या देशांतही खासदार कितीही वेळा निवडून येऊ शकतो. आपल्याकडे तर राष्ट्रपतीलाही बंदी नाही. घटनेच्या कलम ५७ नुसार राष्ट्रपती पुन्हा निवडणूक लढवू शकतात.

राष्ट्राध्यक्षाला मर्यादा असण्यामागे कारण आहे. सैन्य, नेमणुका, तपास यंत्रणा, तिजोरी हे सगळं त्याच्या एकट्याच्या हाताखाली असतं, आणि त्या बळावर माणूस स्वतःला खुर्चीला कायमचा बांधून घेऊ शकतो. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्या टर्मवर मर्यादा हवी का, हा वाद म्हणूनच घालण्यासारखा आहे आणि तो जरूर घालावा. खासदार ५४३ जणांतला एक असतो. त्याचं काम सत्ता राबवण्याचं नाही, ती राबवणाऱ्याला जाब विचारण्याचं आहे. सत्ताधाऱ्यासाठी केलेलं औषध जाब विचारणाऱ्याला पाजून चालणार नाही.

नोकराशी केलेली तुलनाही टिकत नाही. सरकारी नोकराला दर पाच वर्षांनी गावासमोर उभं राहून नोकरी परत मागावी लागत नाही. खासदाराला लागते.

"तेच ते चेहरे" या तक्रारीकडे वळू. २०१४ मध्ये लोकसभेत पहिल्यांदा निवडून आलेले खासदार तीनशेच्या वर होते, २०१९ मध्ये २६७, आणि २०२४ मध्ये २८०. म्हणजे निम्म्याच्या आसपास सभागृह दर खेपेला नवं असतं. मतदार आपल्या हाताने भल्याभल्यांना घरी बसवतात. मुंबई उत्तरमधून सलग पाच वेळा निवडून आलेल्या राम नाईकांना २००४ मध्ये लोकांनी हरवलं आणि पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या अभिनेता गोविंदाला निवडून दिलं. नव्या चेहऱ्यांनी संसद सुधारत असती, तर एव्हाना सुधारलेली दिसायला हवी होती. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत होती, सतरावी (२०१९ ते २०२४) ५५ दिवस बसली. पंधराव्या लोकसभेत (२००९ ते २०१४) १०० पैकी ७१ विधेयकं संसदीय समित्यांकडे तपासायला गेली होती, सतराव्या लोकसभेत १६. खासदार भराभर नवे येत होते त्याच काळात हे घडलं.

आता घराणेशाही. या मजकुरातलं सगळ्यात मोठं आश्वासन हेच आहे आणि सगळ्यात पोकळही हेच.

नंदुरबार घ्या. माणिकराव गावित तिथून १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. २०१४ मध्ये मतदारांनी त्यांना हरवलं. कायद्याची गरज पडली नाही. पण त्यांच्या जागी आलेल्या डॉ. हीना गावित या राज्यात मंत्री राहिलेल्या विजयकुमार गावितांच्या कन्या. २०२४ मध्ये त्यांना हरवलं गोवाल पाडवी यांनी. तेही माजी मंत्री के. सी. पाडवी यांचे चिरंजीव. हे दोघे नालायक आहेत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. दहा वर्षांत दोनदा चेहरा बदलला, दोन्ही वेळा तरुण उमेदवार आला, आणि दोन्ही वेळा तो पुढाऱ्याच्याच घरातून आला. दोन टर्मच्या अटीने यात काय फरक पडला असता?

ज्या देशाने ही अट खरोखर घटनेत लिहिली, तिथे काय झालं तेही पाहू. फर्डिनांड मार्कोसची हुकूमशाही उलथल्यावर फिलिपिन्सने १९८७ मध्ये नवी घटना केली. कोणीही पुन्हा ठाण मांडून बसू नये म्हणून प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला सलग तीन टर्मची मर्यादा घातली. टर्म तीन वर्षांची, म्हणजे एकूण नऊ वर्षं. प्रांताच्या गव्हर्नरलाही तेवढीच. आता मार्कोस कुटुंबाच्या इलोकोस नोर्ते प्रांताचा हिशोब बघा. १९९८ ते २००७ मार्कोसची मुलगी आयमी खासदार आणि तिचा भाऊ बाँगबाँग गव्हर्नर. दोघांची नऊ वर्षं एकदमच भरली. २००७ मध्ये बहिणीच्या जागेवर भाऊ खासदार झाला. २०१० मध्ये भाऊ सिनेटवर गेला, तेव्हा त्या जागेवर आई इमेल्डा आली आणि बहीण गव्हर्नर झाली. २०१९ मध्ये या दोघींची मुदत संपली. बहीण सिनेटवर गेली आणि तिचा मुलगा गव्हर्नर झाला. २०२२ मध्ये भाऊ देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. एकाही पायरीवर मर्यादा मोडली गेली नाही. उलट मर्यादेमुळेच एका घरातल्या इतक्या जणांना मैदानात उतरावं लागलं. त्याच घटनेत राजकीय घराण्यांवर बंदीचंही कलम आहे, पण ती कायद्याने व्याख्या करून आणायची आहे, आणि तसा कायदा तिथल्या संसदेने आजवर केलेला नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. महानगरपालिकेच्या प्रभाग आरक्षणाची सोडत निघते तो दिवस आठवा. शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढतात, 'सर्वसाधारण महिला' अशी घोषणा होते आणि तिथल्या नगरसेवकाची जागा गेलेली असते. एका अर्थी त्याच्यावर टर्मची मर्यादाच आली. पुढच्या काही दिवसांत चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्या फोटोशेजारी पत्नीचा तेवढाच मोठा फोटो लागतो. संपर्क कार्यालय तेच, खाली छापलेला मोबाइल नंबर तोच, कार्यकर्ते तेच. महिला आरक्षण हवंच; त्यातून स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या कितीतरी बायका आल्या आहेत. पण एखाद्या माणसाला उभं राहायला मनाई केल्याने त्याचा प्रभागावरचा ताबा सुटत नाही, हे प्रत्येक शहराने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अनुभवाचा मुद्दा या मजकुरात नावालाही नसतो, आणि मला तोच सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो. खासदार समितीच्या बैठकीत बसतो तेव्हा समोर तीस-तीस वर्षं नोकरी केलेले सचिव असतात. मागच्या पाच वर्षांत त्याच खात्याने काय कबूल केलं होतं आणि काय केलं, हे ज्याला आठवतं तोच त्यांना अडवू शकतो. आपल्या खासदाराच्या दिमतीला संशोधकांची फौज नसते. त्याच्याकडे असते ती त्याची स्वतःची स्मरणशक्ती, आणि ती टर्मागणिक तयार होते. दर दहा वर्षांनी ती पुसून टाकली तर मजा नोकरशाहीची आणि मंत्र्यांची.

कोकण रेल्वेचंच पाहा. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री होते मधू दंडवते. दंडवते १९७१ पासून राजापूरमधून सलग पाच वेळा निवडून आलेले. पूर्वी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या घालणारे तेच. दोन टर्मची अट असती तर ते १९८० साली बाद झाले असते. फर्नांडिस १९६७ मध्ये मुंबईतून आणि १९७७ मध्ये मुझफ्फरपूरमधून निवडून आले होते. त्यांच्याही दोन टर्म भरल्या होत्या. म्हणजे कोकणाला रेल्वे देणाऱ्या सरकारात हे दोघेही लोकसभेचे सदस्य म्हणून असूच शकले नसते. १९८४ च्या लाटेत काँग्रेसचे चारशेहून अधिक खासदार आले, तेव्हाही राजापूरने दंडवत्यांना विरोधी बाकांवर पाठवलं. मतदारांचा तो हक्क कोणत्या न्यायाने काढून घ्यायचा?

पेन्शनचा हिशोब सरळ आहे. माजी खासदाराला सध्या महिना ३१,००० रुपये मिळतात आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षामागे २,५०० रुपये जास्त. तीस वर्षं एकच माणूस खासदार राहिला तर त्याचं पेन्शन ९३,५०० रुपये होतं. त्याच तीस वर्षांत दहा-दहा वर्षांचे तीन जण झाले तर प्रत्येकी ४३,५०० प्रमाणे १,३०,५००. मर्यादा घातली की माजी खासदार वाढतील आणि खर्चही वाढेल. पेन्शन जास्त वाटत असेल तर ते कमी करा अशी मागणी करावी. त्यासाठी साधा कायदा बदलणं पुरेसं आहे.

सगळ्यात शेवटी तिकीट, कारण खरी किल्ली तिथे आहे. मेक्सिकोने १९३३ मध्ये खासदारांना लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यावर बंदी घातली. तरीही २००० सालापर्यंत राष्ट्राध्यक्षपद एकाच पक्षाकडे राहिलं. खासदाराचं पुढचं पद मतदारांच्या हातात नव्हतंच. ते राष्ट्राध्यक्ष आणि पक्ष देणार होता, त्यामुळे सभागृहात तो त्यांचंच ऐकायचा. २०१४ मध्ये त्यांनी ही बंदी शिथिल केली, आणि आता २०३० पासून ती पुन्हा लागू करण्याचं ठरवलं आहे.

आपल्याकडे पक्षश्रेष्ठींची पकड आधीच घट्ट आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत देणाऱ्याचं सदस्यत्व धोक्यात आलं. विश्वासदर्शक ठराव असो की एखादं साधं विधेयक, व्हिप निघाला की मत पक्षाचं. अशा सभागृहात एखादा खासदार पक्षाला नको असलेलं बोलू धजतो, तो स्वतःच्या मतदारसंघात पाळंमुळं घट्ट असतात म्हणून. पक्षाने तिकीट कापलं तरी लोक आपल्याला निवडून देतील, हा विश्वास बांधायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. दोन टर्मची अट नेमकी अशांना कापते. तिकीट वाटणारा मात्र जागेवरच राहतो, कारण त्याला खासदार असण्याची गरजच नसते.

म्हणून राग योग्य ठिकाणी काढू या. व्हिप फक्त विश्वास-अविश्वासाचा ठराव, अर्थविषयक विधेयकं आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा आभारप्रस्ताव एवढ्यापुरता ठेवावा, असं निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. याच धर्तीवर काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयकही, म्हणजे सरकारच्या वतीने नव्हे तर स्वतःच्या नावावर, मांडलेलं आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी मागाव्यात: संसदेने वर्षाला किमान १०० दिवस बसलंच पाहिजे असा नियम, आणि पक्षाचा उमेदवार ठरवायला त्या मतदारसंघातल्या पक्षसदस्यांचं गुप्त मतदान. यातलं काहीही करायला कोणाला घरी पाठवावं लागत नाही. आणि ते झालं तर पहिल्या टर्मच्या खासदारालाही सभागृहात उठून स्वतःचं मत देता येईल.