कॅमेऱ्याची गोळी ऑपरेशन करून काढावी लागते का?

यवतमाळ, वाशीमकडच्या गावांत मेसेज फिरतोय : ‘कॅमेऱ्याची गोळी गिळली की ती पोटातच राहते, ऑपरेशन करूनच काढावी लागते.’

तसं नाही. जेमतेम २६ मिलिमीटर लांबीची ही कॅप्सूल लहान आतड्याचे हजारो फोटो काढत पुढं सरकते. फोटो सहसा कमरेला बांधलेल्या रेकॉर्डरमध्ये जमा होतात आणि गोळी काही दिवसांत शौचावाटे पडते. ती धुऊन परत द्यायची का, हेही लोक विचारतात; तर नाही, द्यायची नसते! अडकण्याचा धोका थोडा आहेच, पण मुख्यतः आतडं आधीच अरुंद झालेल्यांना. आतड्याचा टीबी किंवा जुनं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी पडली की नाही, शंका असेल तर एक्स-रेत कळतं. तोवर एमआरआय करायचा नाही.

‘आता दुर्बीण (नळी घालून पोटाची आतून तपासणी) लागणारच नाही’ हेही चूक. या गोळीनं तपासणीसाठी आतड्याचा तुकडा घेता येत नाही.