ब्रूनोच्या पंजातील गोचीड : आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार ताई,

रंगपंचमीच्या आगेमागे आपला कुत्रा ब्रूनो चार दिवस आमच्या बोर्डिंगमध्ये राहिला, घरी नेल्यावर त्याच्या पुढच्या पंजात गोचीड सापडली, दुसऱ्याच दिवशी ताप भरला आणि रक्ताच्या अहवालात एर्लिकिया (गोचिडीतून पसरणारा, ताप आणणारा जिवाणू) निघाला, शिवाय एवढे मोकळे आवार असूनही त्याला दुपारभर आत ठेवले, असे आपण लिहिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

आपण टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. बोटांच्या बेचक्यातली ती गोचीड राखाडी पडलेली आणि तुरीच्या दाण्याहून मोठी, टम्म फुगलेली आहे. मादीला रक्त पिऊन इतके फुगायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे ब्रूनो आमच्या दारात आला तेव्हा ती त्याच्या अंगावर होतीच. हा ताप गोचीड चावल्यावर बहुधा १ ते ३ आठवड्यांनी दिसतो, तेही याच्याशी जुळते. पण त्यामुळे आमची चूक लहान होत नाही. आत घेताना प्रत्येक कुत्र्याचे अंग तपासतो असे आम्ही सांगतो, आणि तरीही कान, मान, पोट पाहून थांबलो, बोटे फाकवून पाहिली नाहीत. ती पहिल्या दिवशी सापडली असती तर आपल्याला तेव्हाच फोन गेला असता आणि रक्ततपासणीही तेवढी लवकर झाली असती.

ऊन चढू लागले की गोचिडी झपाट्याने वाढतात, आणि गळून पडलेली एक मादी भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणून ब्रूनो राहिला त्या खोलीतल्या भेगा सिमेंटने बुजवून, पशुवैद्यांच्या सल्ल्याने फवारणी करून घेतली आहे. त्या दिवसांत शेजारी राहिलेल्या कुत्र्यांच्या घरीही मी स्वतः फोन केले. यापुढे कानाच्या आत, काखेत, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यांत मालकांसमोरच पाहिले जाईल व तशी नोंद होईल.

दुपारी आत ठेवण्याचा नियम मात्र मी बदलणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो, आणि मार्चमध्ये पुण्याचा पारा अनेकदा ३५ अंशांपलीकडे जातो. दुपारी दोनला आमच्या फरशीवर उघडा तळहात टेकवत नाही, तिथे ब्रूनोसारख्या दाट केसांच्या रिट्रीव्हरला खेळायला सोडणे मला पटत नाही. रंगपंचमीला तर फाटकापर्यंत रंगाचे फुगे येत होते, आणि अंगावर पडलेला रंग कुत्रा चाटून पोटात घेतो. त्याला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहानंतर नियमित फिरवले आहे. हे वेळापत्रक आपल्याला आधीच सांगायला हवे होते, ते राहून गेले.

एक कळकळीची विनंती : डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिले असेल तर ते बहुधा २८ दिवसांचे असते. दोन-तीन दिवसांत कुत्रा खाऊ-खेळू लागतो आणि अनेक घरांत गोळ्या तिथेच थांबतात. कृपया तसे होऊ देऊ नये.

राहण्याचे पूर्ण शुल्क आज परत केले आहे. तपासणीचा आणि औषधांचा खर्चही आम्हीच देणार आहोत, बिले पाठवावीत. प्लेटलेटची पुढची तपासणी झाली की आकडा जरूर कळवावा.