‘चहा-बिस्किटांची समिती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण, म्हणजे संरक्षित स्मारकांजवळच्या बांधकामांवर शिफारस करणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक पुणेकर’ लिहितात: “दिल्लीतल्या चहा-बिस्किटांच्या समित्या! नुसत्या शिफारशी करतात, विचारतो कोण? सरकारी प्रकल्पांना झुकतं माप आणि वाडेवाल्यांना नियम. लेखकाने कधी फाइल बघितली तरी आहे का?”

फाइल बघितली आहे का? अहो, या परवानग्यांचे नकाशे करण्यावर माझं घर चालतं. टोपणनावाआडून असं विचारायला काही लागत नाही म्हणा. असो.

‘नुसत्या शिफारशी’ हे मात्र सोडणार नाही. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित, म्हणजे नवीन बांधकाम बंद; त्यापुढचे 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधायचं. विनियमित पट्ट्यात बांधायचं तर अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याने तो 15 दिवसांत प्राधिकरणाकडे धाडायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत स्मारकावर काय परिणाम होईल ते कळवायचं. पुढच्या महिनाभरात परवानगी द्यायची की नाकारायची, ते त्या शिफारशीप्रमाणेच. प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्याचं कलम 20 डी उघडून बघा. शिफारस अंतिम आहे असं तिथे स्पष्ट लिहिलंय. विनापरवाना बांधलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

2006 साली नेमलेली तज्ज्ञ सल्लागार समिती कायद्याचा आधार नसताना प्रतिबंधित पट्ट्यातही बांधकामांची शिफारस करत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये ते बेकायदा ठरवलं, आणि 2010च्या दुरुस्तीने हे प्राधिकरण आलं. तुमचा राग त्या जुन्या समितीवर असता तर मी गप्प बसलो असतो.

फाइल अडते ती भलत्याच ठिकाणी. लोक अंतर घुमटापासून किंवा बुरुजापासून मोजतात, मोजायचं असतं संरक्षित हद्दीपासून. तेवढ्यात घर विनियमितमधून प्रतिबंधितमध्ये जातं. उंचीत कठडा, जिन्यावरची खोली, पाण्याची टाकी सगळं धरतात. अर्जात स्लॅबपर्यंतचा आकडा लिहिला की टाकी ठेवायला उंचीच उरत नाही. शनिवारवाड्याभोवती 100 मीटरच्या आतल्या जुन्या घरांना दुरुस्ती मिळू शकते, पाडून नवीन बांधणं नाही. आणि दुरुस्तीलाही घर 16 जून 1992 पूर्वीचं असल्याचा पुरावा आधी जोडावा लागतो. तो नसला की फाइल परत, आणि शिव्या दिल्लीला!

स्मारकनिहाय उपविधी, म्हणजे एकेका स्मारकाभोवतीच्या बांधकामाचे वेगळे नियम, रखडलेत, हे मान्य. सरकारी प्रकल्पांचं झुकतं माप हा वेगळ्या लेखाचा विषय, इथे नको.

आणि पुन्हा लिहाल तेव्हा चहा-बिस्किटं राहू द्या. तुमचं घर हद्दीपासून किती मीटरवर आहे तेवढं टाका, मग बोलू.