तीन टिकल्या आणि एक झाकण

काकू म्हणाला मला तो. काकू! स्वतः पस्तिशीचा घोडा, गळ्यात ओळखपत्र, हातात माईक, आणि मला म्हणतो, "काकू, हा मंच तक्रारींचा नाहीये, स्वप्नांचा आहे."

माझं स्वप्न एवढंच होतं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे ड्रेनेजचं चेंबर आहे, त्याला झाकण असावं.

महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग हवा म्हणून बोलावलं होतं. बुधवारी, सकाळी अकराला. बुधवारी अकराला मोकळं कोण असतं? निवृत्त मंडळी, ठेकेदारांची माणसं आणि अर्धी रजा टाकून आलेल्या माझ्यासारख्या खुळ्या बाया. बॅनरवर 'माझं' दोनदा आणि 'आपलं' एकदा. सरकारी बॅनरवर 'आपलं' दिसलं की मी आधी पर्सची चेन लावते.

पहिली चाळीस मिनिटं 'हॅलो, हॅलो, चेक' आणि पुष्पगुच्छ. मग पडद्यावरच्या स्लाइड. स्लाइडवर जे लिहिलंय तेच मोठ्यांदा वाचून दाखवणाऱ्या माणसांचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही, पण सुचेल. त्यात 'भागधारक' हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजला. भाग कुठला आणि धारक कोण, ते नाही आलं एकदाही.

मग टिकल्या. प्रत्येकाला तीन गोल रंगीत टिकल्या दिल्या, बालवाडीत देतात तशा. भिंतीवर तक्ते लावलेले. आवडेल त्या कामावर टिकली चिकटवायची. कामं आधीच छापून तयार! प्रवेश कमान. सेल्फी पॉइंट. कारंजं. नक्षीदार दिव्यांचे खांब. बाकडी. मी दोन फेऱ्या मारल्या, गटार कुठेच नाही. एक तक्ता 'इतर' नावाचा होता म्हणे. तो टेबलामागे सापडला, पुढ्यात ही एवढी फुलदाणी. अख्ख्या शहरात झाकायला काही मिळत नाही, 'इतर' मात्र व्यवस्थित झाकलेलं.

मी विचारलं, सप्टेंबरात फॉर्म भरला होता माझा, सोबत चार फोटो, नकाशा, शेजारच्या सव्वीस जणांच्या सह्या. त्याचं काय झालं? साहेबांनी फाइल चाळली. सापडलं की! शेरा होता: 'सदर काम देखभाल-दुरुस्ती स्वरूपाचे असल्याने महसुली खर्चात मोडते. नागरिकांच्या सूचनांसाठीची तरतूद केवळ भांडवली कामांकरिता आहे. सबब अमान्य.'

सबब. या शब्दाचा खरा अर्थ मला त्या क्षणी कळला.

पुढचं संभाषण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"म्हणजे झाकण बसवणं दुरुस्ती?"

"हो मॅडम."

"आणि नवं चेंबर बांधणं?"

"ते भांडवली."

"मग नवं चेंबर मागू?"

"मागा की. घेऊ यादीत."

"त्याला झाकण असेल?"

"एस्टिमेटमध्ये येईलच ना."

"आणि जुन्याला?"

"ते देखभालीच्या हेडमधून."

"त्या हेडमध्ये पैसे आहेत?"

"संपले."

एवढं बोलून साहेब प्रसन्न हसले. माझा आवाज चढला असावा, कारण तेवढ्यात तो स्वप्नवाला माईक घेऊन धावत आला आणि मला काकू म्हणाला. वर, "जरा पॉझिटिव्ह बोलूया ना." मी त्रेचाळीसची आहे. असो. नाही, असो कशाला? त्याच्या आईला 'आजी' म्हणून हाक मारून बघायची आहे मला.

आणि हे काय पहिल्यांदा झालंय का! तीन वर्षांपूर्वी फूटपाथ चालण्याजोगा करा म्हणून लिहून दिलं, तर त्यावर सिमेंटच्या कुंड्या आणून ठेवल्या. आता कुंड्या फूटपाथवर आणि आम्ही रस्त्यावर. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र चमत्कार, माझी सूचना मंजूर! अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आमच्या गल्लीच्या नावाची एक ओळ, समोर रक्कम. त्या पानाचा फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. जानेवारीत कळलं, वर्गीकरण झालं. म्हणजे एका कामाला मंजूर झालेले पैसे उचलून दुसऱ्याच कामाला लावायचे. आमची ओळ रातोरात उठून दुसऱ्या वॉर्डात नामफलक होऊन बसली.

ते पुस्तक तरी माणसानं वाचावं असं असतं का? पीडीएफ टाकतात, तीही स्कॅन केलेली, अर्धी पानं आडवी. शब्द शोधायला जावं तर ते शब्द नसतातच, चित्रं असतात. मान वाकडी करून पान तीनशेपर्यंत पोचावं तर तिथे 'इतर', 'संकीर्ण', 'अनुषंगिक'. हरकती-सूचनांना मुदत सात दिवस, त्यातला पहिला रविवार. कालच्या बैठकीतही एका आजोबांनी सरळ विचारलं, "मसुदा तयार झालाय का हो?" तर म्हणे, "छपाईला गेलाय." मग टिकल्या कशावर चिकटवत होतो आम्ही?

मुकाट्यानं घरी येऊन झोपायचं सोडून मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले, ही माझी चूक. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे. तिथे १९८९ मध्ये, ऑलिव्हियो दुत्रा महापौर असताना, हे लोकांना विचारून बजेट करायचं प्रकरण सुरू झालं. वस्तीवस्तीत सभा. सभेत लोकांनी आपले प्रतिनिधी निवडायचे, ते पुढे वर्षभर बसून आकडे बघायचे. पैसे वाटायचं सूत्र सगळ्यांसमोर उघडं: वस्ती किती, सोयी किती कमी, लोकांनी आधी काय मागितलंय. जिथे सोयी कमी तिथे गुण जास्त! आणि त्या लोकांनी मागितलं काय? गटारं, पाणी, पक्के रस्ते. कारंजं नाही मागितलं कुणी. विचारायचं ठरवलं की लोक काय मागतात ते ठाऊक असतं, म्हणून तर आमच्याकडे तक्ते आधी छापतात.

मग हुरूप येऊन आणखी वाचलं आणि पडले तोंडावर. पॅरिसनं २०१४ पासून लोकांच्या हाती गुंतवणुकीच्या बजेटचे पाच टक्के दिले. गुंतवणुकीच्या! म्हणजे भांडवलीच. न्यूयॉर्कनं २०११ मध्ये चार मतदारसंघांपासून सुरुवात केली, तिथेही पैसे मुख्यतः भांडवली कामांचेच. थोडक्यात, पॅरिसमधल्या काकूलाही जुन्या चेंबरचं झाकण मागता येणार नाही. पोर्तो अलेग्रेनं तर २०१७ मध्ये आपला सगळा प्रकारच स्थगित केला. रात्री दोन वाजता हे वाचून मला कसलाही आनंद झाला नाही, उगाच एकटेपणा जरा कमी झाला.

पण नवं बांधायला पैसे आणि आहे ते टिकवायला ठणठणाट, हे डोकं कुणाचं? कमानीला कोनशिला लागते, फीत कापता येते, कोनशिलेवर सोळा नावं मावतात. झाकणाची फीत कापायला कोण येईल? वाकावं लागतं.

शेरी अर्नस्टीन म्हणून एक अमेरिकन बाई होत्या. त्यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. वरच्या पायरीवर लोकांच्या हाती खरी सत्ता. तळाशी नुसतं वापरून घेणं. आणि तळाच्या लगेच वर, दुसऱ्या पायरीला बाईंनी नाव दिलंय 'थेरपी'. म्हणजे सहभागाच्या नावाखाली बोलवायचं आणि प्रश्न सोडून प्रश्न विचारणाऱ्यालाच दुरुस्त करत बसायचं. "काकू, पॉझिटिव्ह बोलूया ना." एकोणसत्तर साली ओळखलं होतं हो त्यांनी या माईकवाल्याला!

हे सगळं मी नवऱ्याला हातवारे करून सांगत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला तू शेवटची कधी गेली होतीस?"

हा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती.

एकदा गेले होते. तेही गच्चीची किल्ली हवी होती म्हणून. वर्षाचा हिशेब वाचायला घेतला आणि मी किल्ली घेऊन निघाले. दारातूनच 'मंजूर, मंजूर' म्हटल्याचं आठवतं. कशाला मंजूर, देव जाणे. लिफ्टची देखभाल त्यातच होती असं आता कळतंय, कारण लिफ्ट महिनाभर बंद आहे. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "सभेत कुणी बोललंच नाही."

आणि खरंच सांगायचं तर टिकल्यांचंही पूर्ण सांगितलं नाही मी. दोन टिकल्या 'इतर'वर लावल्या, फुलदाणी सरकवून. तिसरी कारंज्यावर. चित्रात छान दिसत होतं. हातात उरली होती, काय करणार.

नेमका त्याच वेळी फोटो काढला. आज महापालिकेच्या पानावर झळकतेय मी: हात वर, बोट कारंज्यावर, तोंड सताड उघडं. खाली लिहिलंय, 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' तोंड उघडं आहे कारण मी मान वळवून साहेबांना 'झाकण! झाकण!' म्हणत होते. फोटोत आवाज येत नाही. बहिणीनं लगेच विचारलं, "कारंजं होणार का गं तुमच्याकडे?"

चेंबर अजून तसंच आहे. कुणी पडू नये म्हणून त्यात खोचलेली फांदी वाळून काटकी झाली होती. आज सकाळी ते छपाईवाले आजोबा नवी फांदी घेऊन आले, चांगली हिरवीगार, पालेदार. दोघांनी मिळून ती खोचली. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात बघा, सुशोभीकरणाखाली सापडेल.