एक सेकंद आणि दोनदा आलेली पंचमी

नमस्कार मालक,

सोलापूरच्या नवी पेठेत वीस वर्षं संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाने माझ्या लीप सेकंदावरच्या लिखाणाबद्दल झापलंय, म्हणजे उत्तर सविस्तरच द्यायला हवं. (लीप सेकंद म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळावं म्हणून मधूनच मिळवलेला एक जादा सेकंद.) तुमचे आक्षेप तीन: लीप सेकंदाचा मी उगाच बाऊ केला, आपलं पंचांग अख्खा अधिक महिना पचवतं, मग संगणकाला एक सेकंद का पचू नये, आणि २०१२च्या लीप सेकंदाला सर्व्हरांचा झालेला घोटाळा मी चुकीचा सांगितला.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे माझीच चूक आहे. ‘घड्याळ मागे गेलं म्हणून सर्व्हर अडकले’ असं मी लिहिलं होतं. नुसतं मागे गेल्याने काही झालं नव्हतं. लिनक्सच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण आतल्या टायमरच्या यंत्रणेला ते कळवलंच नाही. ती सेकंदभर पुढेच राहिली. मग ‘अर्ध्या सेकंदाने उठव’ म्हणून झोपलेल्या प्रोग्रामला ती लगेच उठवायची. तो पुन्हा झोपणार, ही पुन्हा उठवणार. जावा आणि मायएसक्यूएल चालणाऱ्या कितीतरी मशिनांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले, रेडिट बंद पडलं. उतारा मात्र गमतीचा होता: डेट कमांडने आहे तीच वेळ पुन्हा सेट करायची. तेवढ्याने टायमरपर्यंत निरोप पोचायचा!

तुमच्या दुकानात काहीच बिघडलं नाही, हे मान्य. पण तेव्हाचं विंडोज लीप सेकंद मानतच नव्हतं. पुढे कधीतरी टाइम सर्व्हरशी वेळ जुळवताना तो फरक गुपचूप निघून जायचा. (लीप सेकंद मानायची सोय विंडोजमध्ये २०१८च्या ऑक्टोबर अपडेटपासून आली.) शिवाय आपल्याकडे तो सेकंद १ जुलैला, रविवारी पहाटे साडेपाचला आला. शटर खालीच असणार.

आता पंचांग. हा दाखला मला फार आवडला, पण तो तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूने बोलतो. अधिक महिन्यापेक्षा वृद्धी तिथी घ्या. मंगळवारी सूर्योदयाला पंचमी, बुधवारीही पंचमी. गोंधळ होत नाही, कारण सोबत वार आहे. लिनक्स वापरतं त्या युनिक्सच्या वेळेत दिवस ठरलेला ८६,४०० सेकंदांचा. ८६,४०१वा लिहायला जागाच नाही. म्हणून लिनक्स शेवटचा सेकंद दोनदा मोजतं. दोन पंचम्या, पण वार नाही. पहिल्या पंचमीतली नोंद कुठली आणि दुसरीतली कुठली? कर्नल एक खूण ठेवतं खरं, पण ती बघतो कोण? नुसतं ‘किती वेळ गेला’ मोजायचं असेल तर कधीच मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळ वापरावं, हे माझं म्हणणं कायम आहे.

दुसरं म्हणजे, अधिक महिना शंभर वर्षं आधी गणिताने काढता येतो. पृथ्वीचं फिरणं तसं हिशोबात बसत नाही. लीप सेकंदाची घोषणा जेमतेम सहा महिने आधी होते. तोवर सॉफ्टवेअर मशिनांवर चढलेलं असतं, आणि ज्या कोडची गाठ काही वर्षांतून एकदाच पडते तो तपासणार कोण?

गुगलने तो सेकंद चोवीस तासांत थोडाथोडा पसरवायची वाट काढली. चांगली आहे, फक्त एकाच नेटवर्कवर पसरवणारे आणि न पसरवणारे टाइम सर्व्हर एकत्र ठेवू नका, मध्यावर अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो.

जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘लीप सेकंद बंद केले तर घड्याळ सूर्याला सोडून जाईल.’ घड्याळ आणि पृथ्वीचं फिरणं यांत किती फरक चालेल, ही मर्यादा २०३५पर्यंत सैल करायचं २०२२मध्ये ठरलंच आहे. पण मालक, प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आपलं सोलापूर शहात्तरच्या जरा अलीकडे. आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी सव्वीस मिनिटं मागेच असतो. १९७२पासून मिळवलेले लीप सेकंद सगळे मिळून सत्तावीस.

आणि हो, कोपऱ्यातला तो जुना लिनक्स सर्व्हर अजून चालू असेल, तर त्याचं कर्नल कुठलं आहे तेवढं कळवा.