'ऑल्दो' आणि 'बट' यांच्या जोडीविषयी खुलासा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशात असे म्हटले आहे की, इंग्रजी वाक्याची सुरुवात 'ऑल्दो'ने झाली, तर पुढे 'बट' घालणे आवश्यक असते. हे विधान चुकीचे आहे. मराठीत 'जरी पाऊस पडत होता, तरी सामना झाला' ही जोडी रूढ असल्यामुळे तीच सवय आपल्या इंग्रजीत उतरते. इंग्रजीत मात्र 'ऑल्दो' हे उभयान्वयी अव्यय एकटेच विरोध दाखवते, म्हणून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, द मॅच वेंट ऑन' एवढे पुरते. अधिक जोर हवाच असेल, तर 'येट' चालते, कारण तेथे ते क्रियाविशेषण असते.

'हाउएव्हर म्हणजे औपचारिक बट' हा त्याच संदेशातील सल्ला माझ्या मते अधिक घातक आहे. 'इट रेन्ड, हाउएव्हर, द मॅच वेंट ऑन' असे लिहिल्यास दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली जातात आणि औपचारिक लेखनात ती चूकच धरली जाते. येथे 'हाउएव्हर'पूर्वी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा आणि नंतर स्वल्पविराम. 'बट'पूर्वी मात्र स्वल्पविराम पुरेसा असतो.