कॅलिफोर्नियाचा दाखला देण्याआधी

'रस्त्यावरच्या माणसाला फुकट घर दिलं की बेघर आणखी वाढतात. कॅलिफोर्निया बघा. आधी व्यसन सोडवा, मग घर द्या.' हा मजकूर खूप फिरतोय आणि लोकांना पटतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये 'आधी घर' (व्यसन सोडण्याची अट न घालता घर देणं) हे धोरण कायद्यात आणलं, हे खरं. तेव्हा तिथे सुमारे 1 लाख 18 हजार बेघर होते, 2024 मध्ये 1 लाख 87 हजार, हेही खरं. पण लॉस एंजेलिसच्या बेघर सेवा प्राधिकरणाचा 2020 चा हिशोब पाहा: रोज सरासरी 207 जण बेघरपणातून बाहेर पडत होते (काही स्वतःच्या हिमतीवर, काही सरकारी मदतीने) आणि रोज नव्याने 227 जण बेघर होत होते. धोरणाला दोष द्यायचा, तर हे 227 त्याच्यामुळे रस्त्यावर आले असं दाखवावं लागेल. त्यांना रस्त्यावर आणलं ते मुख्यतः न परवडणाऱ्या भाड्यांनी. हेच धोरण टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराने राबवलं, तिथे घरं तुलनेने स्वस्त आहेत, आणि 2011 पासून बेघर 60 टक्क्यांहून जास्त घटले.

कॅलिफोर्नियाने बेघरांसाठी खर्च केलेले 24 अब्ज डॉलर पाण्यात गेले, असंही म्हणतात. राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2024 मध्ये ठपका ठेवला तो वेगळा: कुठल्या योजनेतून काय साधलं याची सरकारने नीट नोंदच ठेवली नाही.

'आधी व्यसन सोडवा' ही अट न घालता घर दिलं तर काय होतं, हे कॅनडाने तपासून पाहिलं. 2009 ते 2013 दरम्यान पाच शहरांतल्या दोन हजारांवर मनोरुग्ण बेघरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. आधी घर मिळालेल्यांचा 73 टक्के काळ पक्क्या घरात गेला, नेहमीच्याच सेवा मिळालेल्या इतरांचा 32 टक्के. व्यसन मात्र दोन्ही गटांत साधारण सारखंच कमी झालं. घराने व्यसन सुटतं असा माझा दावा नाही. पण व्यसन सुटेपर्यंत माणसाला फुटपाथवर ठेवून काही साधत नाही, हे यातून स्पष्ट दिसतं.

राहिलं 'फुकट'. 'आधी घर' हेच धोरण राबवणाऱ्या फिनलंडमध्ये भाडेकरार माणसाच्या स्वतःच्या नावावर होतो, भाडं त्यालाच भरावं लागतं, सरकारी भाडेभत्ता मदतीला असतो. हेलसिंकीत आल्पिकाटू रस्त्यावर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं सुमारे 250 खाटांचं रात्रनिवारा केंद्र होतं. तिथे आता 81 स्वतंत्र घरं आहेत, प्रत्येकाला स्वतःचं दार आणि किल्ली. देशातले बेघर 2008 मध्ये आठ हजारांच्या आसपास होते, 2023 मध्ये 3,429. नंतर सरकारने भाडेभत्त्याला कात्री लावली आणि 2024 ला आकडा 3,806 झाला, दहाहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच वाढलेला.